दाता कोण?

आपल्याकडील कोणत्याही जुन्या शाळेच्या दारात उभे राहिले, की प्रथम दृष्टीस पडते ती संगमरवरी पाटी. अमुक शेटजींनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ अमुक इतके रुपये देऊन ही इमारत बांधविली, असा तिच्यावर मजकूर असतो. पाटी वाचून आपण मनोमन हात जोडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच इमारतीच्या पायाचे दगड कोणी वाहिले, जागा कोणी सोडली, मास्तरांचा पगार थकला तेव्हा त्यांच्या घरी दाणागोटा कोणी पोचविला, हे कोणत्याही पाटीवर कोरलेले नसते. शाळेचा दाता कोण, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सोपा नाही. आज आम्ही आपल्यापुढे जो इतिहास मांडणार आहोत, तो या प्रश्नाचाच आहे. तो घडला सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेत; पण त्याच्या दाराशी आपल्याला नेऊन पोचविणारा मनुष्य आपल्या पुण्याचा आहे.

१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. आपल्या बांधवांच्या दास्याचा विचार करताना त्यांना हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसांची आठवण झाली. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८६५ साली. म्हणजे जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा त्या गोष्टीला उणीपुरी आठ वर्षे झाली होती. त्या मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलाबाळांचे पुढे काय झाले? त्यांना शाळा मिळाली का?

मिळाली, पण कशी मिळाली ते पाहण्यासारखे आहे. यादवी युद्धानंतरच्या दहाबारा वर्षांत दक्षिणेकडील राज्यांत सार्वजनिक शाळांची व्यवस्था प्रथमच नीट उभी राहिली, आणि तिच्या उभारणीत काळ्या मतदारांचा व त्यांच्या प्रतिनिधींचा मोठा भाग होता. परंतु १८७७ साली केंद्र सरकारच्या फौजेचे पाठबळ गेले. मग एकेका राज्याने निरनिराळ्या युक्त्यांनी काळ्यांचा मताधिकार काढून घेतला. मत गेले की पाठोपाठ पैसा जातो. शाळांचा पैसा प्रत्येक परगण्यात गोऱ्यांचे मंडळ वाटीत असे. अलाबामा राज्यात १८९१ साली असा कायदा झाला, की स्थानिक अधिकाऱ्यांनी हा पैसा त्यांना न्याय्य वाटेल तसा वाटावा. ज्याच्या हाती तराजू त्याच्याच हाती न्याय! काळ्या मुलांची संख्या दाखवून सरकारातून पैसा आणावा आणि तो गोऱ्या मुलांच्या शाळांवर खर्च करावा, असा प्रकार उघड चालू झाला.

अशा शाळेचे चित्र पुढे मोठे विद्वान म्हणून गाजलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी काढून ठेवले आहे. विद्यार्थिदशेत असताना १८८६ च्या सुमारास सुटीमध्ये ते टेनेसी राज्यातील एका खेड्यात मास्तर म्हणून गेले. शाळा म्हणजे एका जमीनदाराचे मका साठविण्याचे लाकडी ओंडक्यांचे खोपट. एके काळी दार असलेल्या जागी नुसती मोकळी चौकट. बसण्याचे बाक पाठीवाचून, काही तर पायांवाचूनही. तीन फळ्या ठोकून केलेले मास्तरांचे टेबल. आणि खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, ती रोज संध्याकाळी परत पोचवावी लागे. मुले मात्र मैलोगणती चालत येत. शेतावर काम निघाले की हळूहळू नाहीशी होत; मग मास्तर घरोघर जाऊन आईबापांची समजूत घालीत. आपल्याकडच्या खेड्यात ज्यांनी एकशिक्षकी शाळा चालविली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

या दैन्याशी झुंज देणारी पहिली माणसे लक्षाधीश नव्हती, हे विसरता कामा नये. व्हर्जिनिया राज्याच्या हेन्रिको परगण्यात व्हर्जिनिया रँडॉल्फ नावाची एक शिक्षिका होती. तिचे आईबाप गुलाम होते. १८९२ साली ती एका एकखोली शाळेवर रुजू झाली. तिने पालकांना गोळा केले, भिंतींना चुना लावविला, अंगण साफसूफ करून घेतले, झाडे लावली, आणि अक्षरांबरोबर शिवण, स्वयंपाक व हस्तव्यवसाय शिकवायला आरंभ केला. शिक्षण खात्याच्या त्या परगण्यातील अधिकाऱ्याचे लक्ष या शाळेकडे गेले. एका शाळेचे जे रूप पालटले ते सगळ्यांचे का पालटू नये, असे त्याला वाटले. याच सुमारास ॲना जीन्स नावाच्या फिलाडेल्फियाच्या एका क्वेकर बाईने दक्षिणेकडील काळ्यांच्या ग्रामीण शाळांसाठी दहा लाख डॉलर दिले होते. त्या निधीतून १९०८ साली रँडॉल्फ यांची फिरत्या शिक्षिका म्हणून नेमणूक झाली. परगण्यातील वीसहून अधिक शाळांवर त्या जात, तेथील मास्तरणींना धीर देत, पालकांची मंडळे स्थापन करीत. त्यांच्या कामाचा अहवाल दक्षिणेत सर्वत्र गेला आणि ‘जीन्स शिक्षिका’ नावाचा एक वर्गच तयार झाला. पुढे जे मोठे काम उभे राहिले, त्याची गावोगावची वर्गणी जमविण्यात या बायकांनी खस्ता खाल्ल्या.

ते मोठे काम दोन माणसांच्या भेटीतून निघाले. एक बुकर टी. वॉशिंग्टन. गुलाम म्हणून जन्मलेल्या या गृहस्थांनी १८८१ पासून अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे काळ्यांसाठी एक शिक्षणसंस्था नावारूपास आणली. दुसरे जूलियस रोझेनवाल्ड. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या एका ज्यू कापडविक्याचा हा मुलगा टपालाने माल विकणाऱ्या ‘सिअर्स, रोबक’ या प्रचंड पेढीचा प्रमुख झाला होता. ज्यू लोकांचा जो छळ युरोपात झाला त्याची जाण असल्यामुळे काळ्यांचे दुःख आपल्याला अधिक कळते, असे त्यांना वाटे. १९११ साली दोघांची शिकागोत भेट झाली. पुढच्याच वर्षी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला, रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. दुसऱ्या संस्थांना वाटण्यासाठी दिलेल्या या रकमेतून २,८०० डॉलर उरले. तेवढ्यात खेड्यांतून सहा लहान प्राथमिक शाळा बांधून पाहाव्या, असे वॉशिंग्टन यांनी सुचविले. वाटून उरलेल्या पैशातून एवढा मोठा वृक्ष वाढला!

पहिली शाळा १९१३ साली अलाबामातील लोचापोका या गावी बांधून झाली. तिचा खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. त्यांपैकी ३०० रोझेनवाल्ड यांचे, ३६० गावच्या गोऱ्या रहिवाशांचे, आणि राहिलेले २८२ डॉलर ५० सेंट काळ्या शेतकऱ्यांच्या वाट्याचे. पुढील सगळ्या कामाचा नमुना या लहानशा हिशेबात आहे. संपूर्ण शाळा बांधून द्यायची नाही. गावाने आपला वाटा आधी जमवायचा, सरकारी मंडळाने आपला घालायचा, आणि मग देणगीदाराचा पैसा यायचा. १९१४ साली रोझेनवाल्ड यांनी आणखी शंभर शाळांसाठी ३० हजार डॉलर दिले. १९१५ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन वारले, पण काम थांबले नाही. १९१७ साली रोझेनवाल्ड फंडाची स्थापना झाली आणि नियम पक्के झाले. शाळेला निदान दोन एकर जागा हवी. वर्षातून निदान पाच महिने ती सलग चालली पाहिजे. आणि इमारत व जमीन सार्वजनिक शिक्षण मंडळाच्या नावावर झाली पाहिजे, म्हणजे पुढे ती चालविण्याची जबाबदारी मंडळाला टाळता येऊ नये.

पाच महिन्यांची अट ऐकून आपल्याला नवल वाटेल. पण कापसाच्या मुलखात लागवड आणि वेचणी या दोन हंगामांच्या मध्ये जे काय उरेल तेवढीच काळ्या मुलांची शाळा असे, हे ध्यानात घेतले म्हणजे पाच महिनेसुद्धा केवढी मजल होती ते कळते.

आता गावाचा वाटा कसा जमे ते ऐका. हे लोक बहुतेक वाटेकरी शेतकरी; वर्षाअखेरीस जमीनदाराच्या वहीत देणेच निघायचे. रोख पैसा हाती दिसायचा नाही. कोणी शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून त्यातला कापूस शाळेला दिला. कोणी कोंबड्या पाळल्या. बायकांनी जेवणाचे डबे करून प्रार्थनामंदिरात त्यांचा लिलाव केला. कोणी आपल्या रानातली झाडे तोडून लाकूड दिले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. आपण ज्याला लोकवर्गणी आणि श्रमदान म्हणतो, ते हेच.

अलाबामातील एका खेड्यातली एक सभा फंडाच्या कामासाठी हिंडणाऱ्या एका प्रचारकाने लिहून ठेवली आहे. मोडकळीला आलेल्या जागेत लोक जमले होते. गंजलेल्या शेगडीचे धुराडे खिडकीच्या फुटक्या तावदानातून बाहेर काढलेले. तेव्हा गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला. त्याने खिशातून एक तेलकट, मळकी पिशवी काढली आणि टेबलावर रिकामी केली. चिल्लर नाण्यांचा ढीग झाला. मोजले तर ३८ डॉलर भरले. ती त्याची जन्माची शिल्लक होती. नातवंडांच्या मुलांना तरी संधी मिळावी म्हणून आपण सगळे देऊन टाकीत आहोत, असे तो म्हणाला. त्याला स्वतःला त्या शाळेत बसायचे नव्हते. त्याच्या मुलांचेही वय गेले होते. श्रोतेहो, रोझेनवाल्ड यांच्या लक्षावधी डॉलरांशेजारी हे अडतीस डॉलर ठेवून पाहा आणि मग दानाचे माप कोणते घ्यायचे ते ठरवा.

इमारतीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण गरिबांची शाळा म्हणजे कशीतरी चालेल, ही समजूत या लोकांनी मनात येऊ दिली नाही. आरंभीचे नकाशे टस्कीगीतच तयार झाले. ते करणारे रॉबर्ट टेलर हे मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेतलेले पहिले काळे गृहस्थ. खेड्यांत वीज नव्हती. म्हणून उजेडाचा विचार सर्वांत आधी. खिडक्या उंच आणि एकमेकींना लागून, पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून. बाकांची मांडणी अशी, की उजेड मुलांच्या डाव्या अंगाने यावा; म्हणजे उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली पाटीवर पडत नाही. भिंतींना आतून फिकट रंग. दोन वर्गांमधली भिंत सरकती. ती बाजूला सारली की सभेपुरते दालन तयार. कारण शाळा दिवसा मुलांची आणि संध्याकाळी गावाची. हे नकाशे पुस्तकरूपाने छापले गेले आणि साध्या सुताराने पाहून बांधावे इतके सुबोध केले गेले. १९२० साली कामाची कचेरी टस्कीगीहून नॅशव्हिल शहरी गेली, तेथे त्यांत आणखी सुधारणा झाल्या.

१९३२ साली रोझेनवाल्ड वारले आणि शाळा बांधण्याचे काम त्याच वर्षी संपले. तोवर १५ राज्यांतील ८८३ परगण्यांत ४,९७७ शाळा, शिक्षकांसाठी २१७ घरे आणि १६३ कर्मशाळा उभ्या राहिल्या होत्या. त्यांत ६,६३,६१५ मुलांची सोय होती. १९२८ सालीच दक्षिणेत काळ्या मुलांच्या दर पाच ग्रामीण शाळांपैकी एक रोझेनवाल्ड शाळा होती. बहुतेक शाळा एकदोन खोल्यांच्या. पण सगळ्या मिळून गरिबांच्या प्राथमिक शाळांसाठी एवढे विस्तृत खाजगी काम फार थोड्या देशांत झाले असेल.

आणि आता ज्या हिशेबासाठी आम्ही ही कथा सांगायला घेतली, त्याकडे वळू. एकंदर खर्च २,८४,०८,५२० डॉलर. त्यात सरकारी करांतून आले १,८१,०४,१५५. रोझेनवाल्ड यांच्याकडून ४३,६६,५१९. इतर गोऱ्या लोकांकडून १२,११,९७५. आणि काळ्या शेतकऱ्यांची, मजुरांची, मोलकरणींची वर्गणी ४७,२५,८७१ डॉलर. म्हणजे ज्या लक्षाधीशाच्या नावाने या शाळा ओळखल्या जातात त्याच्यापेक्षा, ज्यांच्यावर उपकार केले म्हणून सांगितले जाते त्या दरिद्री लोकांनी साडेतीन लाख डॉलरांहून अधिक दिले. शाळांना आपलेच नाव द्यावे असा रोझेनवाल्ड यांचा आग्रह नव्हता. तरी लोकांनी प्रेमाने ते दिले आणि कित्येक शाळांतून त्यांची तसबीर लावली. म्हाताऱ्याची तसबीर कोठे लागली नाही.

हिशेबाची एवढीच बाजू सांगून थांबलो तर तो अर्धाच होईल. करांतून जे एक कोटी एक्याऐंशी लाख आले, त्यांत काळ्यांनी भरलेले करही होते. कायद्याप्रमाणे त्यांच्या मुलांना शाळा मिळायलाच हवी होती. ती मिळावी म्हणून त्यांनी आधी कर भरला, आणि तो पैसा दुसरीकडे गेला म्हणून पुन्हा वर्गणी भरली. जेम्स अँडरसन या इतिहासकारांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याला दुहेरी कराची उपमा दिली आहे, आणि ती कठोर असली तरी खोटी नाही. शिवाय घाम गाळून बांधलेली इमारत शेवटी ज्या मंडळाच्या नावावर करून द्यायची, त्या मंडळात काळ्यांचा एकही माणूस नसे. इमारत नवी झाली तरी मास्तरांचा पगार कमीच राहिला, आणि पुस्तके बहुधा गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली येत. ही वेगळी ठेवण्याची रीतच अन्यायाची; तिला चांगल्या खिडक्या बसवून काय साधले, असा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. वॉशिंग्टन हे गोऱ्यांशी फार जुळवून घेतात, हक्कांची मागणी मागे ठेवतात, अशी टीका ड्यु बॉइस यांनी १९०३ सालीच केली होती.

या टीकेला उत्तर आहे काय? आमच्या मते एक अर्धे उत्तर आहे, आणि ते दक्षिण कॅरोलायना राज्यातील क्लॅरेंडन परगण्यात मिळते. १९४९-५० साली तेथे एका गोऱ्या मुलाच्या शिक्षणावर १७९ डॉलर खर्च होत आणि एका काळ्या मुलाच्या शिक्षणावर ४३. सतरा वर्षांपूर्वी फंडाने बांधकाम थांबविले होते आणि तराजू जागच्या जागी होता. गोऱ्या मुलांना ने-आण करायला तीस बसगाड्या होत्या, काळ्यांना एकही नव्हती. तेथील काळ्या पालकांनी प्रथम एवढेच मागितले, की एक बस द्या. ती मिळाली नाही. मग ते न्यायालयात गेले. फिर्यादीवर सह्या करणाऱ्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. पण ते हटले नाहीत. हा खटला इतर चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १७ मे १९५४ रोजी निकाल लागला, की वर्णावरून सार्वजनिक शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे. या खटल्यात केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञांची साक्ष झाली. वेगळ्या शाळांत वाढणाऱ्या काळ्या मुलांच्या मनात स्वतःविषयीच हीनतेची भावना कशी शिरते, हे क्लार्क पतिपत्नींनी गोऱ्या व काळ्या बाहुल्यांच्या प्रयोगांतून दाखविले होते. त्या अभ्यासासाठी त्यांना मदत झाली होती ती रोझेनवाल्ड फंडाच्या शिष्यवृत्तीची!

दानाने अन्याय दूर केला नाही. पण ज्या पिढीने तो दूर करायचा तिला वाचायला, लिहायला, सही करायला आणि सभेत उभे राहून बोलायला शिकविले. पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात डोके फोडून घेतलेले आणि २०२० साली वारलेले जॉन लुइस अलाबामातील अशाच एका शाळेत शिकले होते. लेखिका माया अँजेलो याही अर्कान्सामधील एका रोझेनवाल्ड शाळेच्या विद्यार्थिनी. अलीकडच्या अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या शिरगणतीचे आकडे तपासून असा निष्कर्ष काढला आहे, की दोन महायुद्धांच्या दरम्यान दक्षिणेतील ग्रामीण काळ्या मुलांच्या शिक्षणात जी वाढ झाली, तिचे मोठे श्रेय या शाळांकडे जाते.

१९५४ च्या निकालानंतर वेगळ्या शाळा हळूहळू बंद झाल्या आणि या इमारती ओस पडल्या. २००२ साली अमेरिकेतील नष्ट होऊ घातलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्यांचे नाव आले. तेव्हापासून कित्येक गावांतील जुने विद्यार्थी पुन्हा वर्गणी काढून त्या दुरुस्त करीत आहेत. आजोबापणजोबांनी ज्यासाठी कापूस विकला, ती वास्तू नातवंडे पुन्हा आपल्या पैशाने उभी करतात. वर्गणीचा वारसा असाही चालतो.

हे सारे ऐकताना आपल्या मनात सातारा जिल्हा उभा राहिला असेल, तर नवल नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली ती घरोघरच्या मूठभर धान्यावर. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९३८ पासून जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यांत संस्थेने प्राथमिक शाळा उघडल्या. देऊळ, चावडी, जे छप्पर मिळेल तेथे. अलाबामाच्या म्हाताऱ्याची पिशवी आणि साताऱ्याच्या माउलीची मूठ, या दोहोंची जात एकच आहे.

म्हणून दाता कोण या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. रोझेनवाल्ड दाते होतेच, आणि थोर दाते होते. अनंतकाळ टिकणारे निधी ठेवू नयेत, हयात पिढीचा पैसा हयात कामाला लावावा, असे त्यांचे मत होते. त्यांच्याच इच्छेप्रमाणे फंडाने सर्व पैसा खर्च करून १९४८ साली आपली कचेरी बंद केली. असे निःसंग दान दुर्मिळ. पण त्यांच्या आधी आणि त्यांच्यापेक्षा अधिक त्या गावांनी दिले. आणि ज्याने सर्वांत आधी, कर्तव्य म्हणून, द्यायला हवे होते ते सरकार मात्र मागे राहिले. आपल्या गावच्या शाळेसाठी उद्या कोणी वर्गणी मागायला येईल. ती अवश्य द्यावी, आणि श्रमदानालाही जावे. पण घरी परतताना पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दारावरून जावे लागतेच. शाळेसाठी मंजूर झालेला पैसा कोठे आहे, एवढे तेथे थांबून विचारावे. त्या म्हाताऱ्याला ते विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे.